गल आधी, मैदान नंतर : सीमाभागातल्या शाळेत गोल्फ कसा रुजवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली मराठी शाळा. पाचवी ते आठवीची साठेक मुलं, शाळेमागे दीड एकर मुरमाड मैदान, आणि एका हितचिंतकाने दिलेले मोठ्या माणसांचे तीन जुने गोल्फ सेट, म्हणजे क्लबांचे (चेंडू मारायच्या दांड्यांचे) संच. गावात कुणीही हा खेळ प्रत्यक्ष पाहिलेला नाही. क्रीडाशिक्षक विचारतात : सुरुवात कुठून करू? आणि दोन वर्षांत मुलं बाहेरच्या स्पर्धांत उतरतील का?

सर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. दोन वर्षांत साठ मुलं स्पर्धेला तयार होणार नाहीत. तीन-चार मुलं खऱ्या मैदानावर नऊ होल न अडखळता खेळतील इतकी तयारी झाली, तरी ते चांगलं काम समजा. उरलेल्या छप्पन्न मुलांनाही खेळायला मजा आली पाहिजे, कारण ती टिकली तरच पुढच्या वर्षी पाचवीची मुलं आपणहून येतील. जिथे हा खेळ फारसा नव्हता अशा देशांतही तो असाच हळूहळू रुजला. दक्षिण कोरियाच्या पाक से-रीने १९९८ साली अमेरिकन महिला ओपन जिंकली, ती पाहून मुलींची एक पिढी मैदानावर आली. त्यातलीच, तेव्हा दहाएक वर्षांची असलेली इन्बी पार्क २०१६ साली रिओत ऑलिंपिक सुवर्ण जिंकली. मध्ये अठरा वर्षं गेली, आणि पैसा व मैदानं दोन्ही असताना गेली.

आपल्याकडे पाटी तर कोरीच आहे. बेळगावातल्या बहुतेकांना शहरात गोल्फचं मैदान आहे हे नीट कळलं ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये, तिथे बिबट्या शिरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि शोधासाठी हत्ती आणले तेव्हा. गोल्फची एवढी चर्चा त्याआधी या भागात झाली नसेल. पण पाटी कोरी असण्याचा एक फायदा आहे. मुलांच्या डोक्यात 'लांब मारणारा तो भारी' हे चित्र अजून बसलेलं नाही. ते बसू देऊ नका.

सुरुवात गलीपासून

ज्या मैदानाचा पार (चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित फटके) ७२ असतो, तिथे प्रत्येक होलला दोन याप्रमाणे ३६ फटके पटिंगचे धरलेले असतात. म्हणजे अर्धा खेळ चेंडू जमिनीवरून घरंगळवण्याचा आहे, आणि त्याला ना ताकद लागते ना शंभर एकर जागा. बेंगळुरूची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, एका फटक्याने पदकाची संधी हुकली. लांब मारण्यात ती त्या स्पर्धेत बरीच मागे होती. पटिंगने तिला तिथवर नेलं.

शिवाय हा अर्धा भाग आपल्या मुलांना आधीच येतो. गोट्या गलीत ढकलणारं पोर अंतर, उतार आणि जोर यांचा अंदाज बोटांत घेऊनच आलेलं असतं. विटी-दांडू खेळणाऱ्याला स्थिर वस्तूवर नेम धरून मारायची सवय असते, जी क्रिकेटवाल्याला नसते. म्हणून पहिला महिना 'गोल्फ' हा शब्दही कमी वापरा. गल, नेम आणि मोजलेले फटके एवढंच चालू द्या. होलाला मुलं गल म्हणतील तर म्हणू द्या.

क्रम असा ठेवा : पहिले तीन महिने पटिंग, पुढचे तीन महिने दहा-पंधरा मीटरच्या चिप (चेंडू थोडा उचलून टाकणारे छोटे फटके), नंतर मऊ चेंडूने अर्धा झोका, आणि पूर्ण झोका दुसऱ्या वर्षी. उलट क्रमाने गेलेले उपक्रम सहसा एका हंगामात बंद पडतात. पहिल्या दिवशी ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) हातात दिला की दहातले आठ फटके हुकतात. ज्यांचे लागतात ते दांडगे, उरलेले महिन्याभरात कबड्डीकडे परत.

तीन जुने सेट : काय ठेवायचं, काय कापायचं

ड्रायव्हर आणि लांब लाकडी क्लब कपाटात बंद करा. मोठ्यांचे क्लब कापून मुलांना देणं हा सगळ्यात स्वस्त दिसणारा आणि सगळ्यात महाग पडणारा उपाय आहे. मोठ्या माणसाचा सात नंबरचा लोखंडी क्लब सुमारे ९४ सेंटिमीटर लांब आणि ४०० ग्रॅमहून जड असतो. सव्वाशे ते एकशेतीस सेंटिमीटर उंचीच्या मुलाला ७५ सेंटिमीटरच्या आसपासचा लागतो. म्हणजे वीसेक सेंटिमीटर कापावे लागतात. नळी आखूड झाली की ती पहारीसारखी ताठ होते आणि डोकं तितकंच जड राहतं. मूल मग ते खांद्यांनी उचलतं, वर गेल्यावर मनगट कोसळतं, पकड वळवून तोल सावरतं. ही चुकीची पकड पुढे मोडायला वर्ष लागतं.

याला अपवाद पटरचा, म्हणजे पटिंगच्या क्लबचा. पटर बिनधास्त कापा. उभं राहून डोळे चेंडूच्या वर आणि कोपर सैल, अशा स्थितीत हात जिथे पडतात त्याच्या तीन सेंटिमीटर वर खूण करा. १३० सेंटिमीटरच्या मुलाला ६५ ते ७० सेंटिमीटर पुरतो. नेहमी मुठीच्या बाजूने कापायचं, डोक्याच्या बाजूने नाही. पोलादी नळीला साधी हॅकसॉ चालते. ग्रॅफाइटची असेल तर कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून बारीक दातांच्या पात्याने कापा आणि नाकावर रुमाल बांधा, ती धूळ वाईट. मूठ परत बसवताना दुहेरी चिकटपट्टी आणि थिनर. क्रिकेट बॅटची रबरी ग्रिप चढवायचा मोह होईल, चढवू नका. ती जाड असते, लहान बोटं पूर्ण वळत नाहीत आणि क्लब मुठीत फिरतो.

तीन सेटमधून तीनच पटर निघतील आणि एका वेळी चोवीस मुलं धरली तर जोडीला एक याप्रमाणे बारा लागतील. उरलेले नऊ गावच्या सुताराकडून करून घ्या. बाभळीचा १२ × ५ × ५ सेंटिमीटरचा ठोकळा पाव किलोच्या आसपास भरतो, मुलांच्या पटरला तेवढं वजन बरोबर. त्यात दांडीचं भोक सरळ पाडू नका, उभ्या रेषेपासून वीस अंश कलतं पाडा. दांडी सरळ उभी बसली तर मूल कुबड काढून, क्रोकेसारखं दोन पायांच्या मध्ये मारायला लागतं. पुढचा चेहरा रंध्याने सपाट करून घासलेला हवा, कडा मात्र गोल.

लोखंडी क्लबांतले नऊ नंबर, पिचिंग वेज आणि सँड वेज (जास्त कललेल्या चेहऱ्याचे आखूड क्लब) दीडशे सेंटिमीटरच्या वरच्या मुलामुलींसाठी ठेवा, चिपला ते थोडे खाली धरून चालतात. खाली धरणं पाच सेंटिमीटरपर्यंतच. त्याहून जास्त धरावं लागलं तर मागचं टोक पोटाला टोचतं. पैसे जमले की पहिली खरेदी मुलांच्या मापाचे सहा-आठ सात नंबरचे क्लब, हलक्या ग्रॅफाइट नळीचे. आणि ते शाळेचेच राहू द्या, कुठल्याही मुलाच्या नावाचे नकोत. वाढीच्या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर सहज वाढतं, दोन वर्षांत क्लब बदलावा लागतो. मुठीखाली रंगीत पट्टी लावा : १२५ पर्यंत एक रंग, १४० पर्यंत दुसरा, १५५ पर्यंत तिसरा. वर्गाच्या दारावर त्याच रंगांच्या रेघा मारल्या की मूल स्वतःच आपला क्लब ओळखतं.

ग्रीन नव्हे, खळं

हिरवळीचा विचार सोडून द्या. पटिंगची हिरवळ, म्हणजे ग्रीन, रोज कापावी लागते, उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, आणि खानापूरच्या पावसात ती बुरशीने जाते. गावात प्यायच्या पाण्याची ओरड असताना शाळेने गवताला पाणी घालणं शोभत नाही, हा भाग वेगळाच. आपल्या देशात लष्करी छावण्यांच्या जुन्या मैदानांवर वाळूची ग्रीन असत, त्यांना 'ब्राउन' म्हणतात. पारंपरिक ब्राउनमध्ये वाळूत जळकं इंजिन ऑइल मिसळतात, ते मात्र शाळेत नको. कातडीला आणि विहिरीला, दोन्हींना वाईट.

आपल्याकडे याहून चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे खळं. मळणीसाठी खळं करायची रीत ठाऊक असलेली जुनी माणसं गावोगाव अजून आहेत, त्यांना बोलवा. दहा मीटर व्यासाचं वर्तुळ आखा. वरची दहा सेंटिमीटर माती काढा. तिथे चाळलेला तांबडा मुरूम भरा. दाबून दहा सेंटिमीटर थर उरायला साडेतीन ब्रास लागतो. पाणी मारून एक रात्र मुरू द्या, मग रोलर फिरवा. रोलर नसेल तर धुम्मसाने चोपा. एका बाजूला उतार हवा, दहा मीटरला दहा ते पंधरा सेंटिमीटर. त्याहून कमी ठेवला तर पाणी साचतं, जास्त ठेवला तर चेंडू थांबतच नाही. नंतर शेणाचं सारवण दोनदा, पहिलं पूर्ण वाळल्यावर दुसरं.

असं खळं फार वेगवान असतं, काचेवरून गेल्यासारखा चेंडू जातो. म्हणून वर गिलाव्याच्या चाळणीतून काढलेल्या बारीक वाळूचा दोन-अडीच सेंटिमीटर थर पसरा. एक ब्रास भरपूर होते. क्रशरची डस्ट स्वस्त मिळते, पण तिचे कण टोकदार असतात आणि भुकटी उडते. घ्यायचीच तर धुऊन घ्या. खेळण्याआधी हलकं पाणी शिंपडायचं आणि दीड मीटरच्या फळीला पोतं गुंडाळून मध्यापासून बाहेर गोल ओढायचं. पायांचे ठसे राहिले की चेंडू वळतो आणि मूल आपल्या फटक्याला दोष देतं. वाळू ओढायचं काम पाळीपाळीने मुलांनाच द्या. चार वेळा ओढली की उतार कुठे आहे ते पायांना कळतं.

हे तांबड्या मातीचं झालं. निपाणी-अथणीकडच्या काळ्या मातीत असंच केलं तर मार्चमध्ये बोटभर भेगा पडतात. तिथे माती तीस सेंटिमीटर काढून मुरूम भरावा लागतो, किंवा सरळ सिमेंटच्या कोब्यावर जाड सतरंजी ताणून काम भागवावं.

गलीचं माप : खऱ्या होलाचा व्यास १०८ मिलिमीटर, खोली किमान १०१.६ मिलिमीटर. बाजारात 'चार इंची' म्हणून मिळणारा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप आतून त्याहून थोडा लहान भरतो, सरावाला चालतो. पण पहिले दोन महिने १६० मिलिमीटरचा, म्हणजे सहा इंची पाईप बसवा. चेंडू गलीत पडल्याचा आवाज मुलाला दर दोन-तीन मिनिटांनी ऐकू आला पाहिजे. पंधरा सेंटिमीटरचे तुकडे कापा, खाली मूठभर खडी टाका, आणि पाईपची कड जमिनीपासून अडीच सेंटिमीटर खाली ठेवा. कड वर राहिली तर चेंडू तिच्यावर आपटून बाहेर येतो. संध्याकाळी झाकण लावा. सकाळी झाकण काढल्यावर आणि चेंडू काढताना आधी वाकून बघायचं, मग हात घालायचा. विंचवाला अशी जागा आवडते. मैदानाच्या कडेच्या झुडपात चेंडू गेला तर आधी काठीने आपटायचं, हाही नियम त्याच दिवशी सांगा.

डोकी सांभाळा

या खेळात शाळेत होणारी मोठी इजा चेंडूने कमी आणि क्लबने जास्त होते. मागे उभं असलेलं पोर एक पाऊल पुढे येतं आणि झोका त्याच्या कपाळावर बसतो. ते होऊ नये म्हणून फक्कीने दोन रेघा मारा. पुढच्या रेघेवर मारणारे, दोघांत तीन मीटर अंतर. मागची रेघ पाच मीटर मागे, तिथे बाकीचे बसलेले. उभे नाहीत, बसलेले. सगळे एकाच दिशेला मारणार. शिट्टी झाल्याशिवाय कुणीही चेंडू आणायला पुढे जाणार नाही, स्वतःचा चेंडू दोन पावलांवर पडला असला तरी. पहिल्या आठवड्यात एका शिट्टीला 'मारा', दोन शिट्ट्यांना 'क्लब खाली', तीन शिट्ट्यांना 'चेंडू गोळा' एवढीच कवायत घ्या. शिट्टीची भाषा मराठी आणि कन्नड माध्यमाच्या मुलांना एकत्र आणलं तरी बदलावी लागत नाही.

डावखुऱ्या मुलांना लक्ष्याकडे तोंड करून पाहिल्यावर रांगेच्या अगदी उजव्या टोकाला उभं करा. मग ती शेजाऱ्याच्या समोरासमोर येतात. दुसऱ्या टोकाला ठेवलीत तर पाठीला पाठ लागते आणि दोघांनाही एकमेकांचा झोका दिसत नाही. तुम्ही स्वतः मुलाच्या समोर उभं राहून शिकवत असाल तर चेंडूच्या रेषेच्या पुढे जाऊ नका. क्लबच्या मानेला लागलेला चेंडू उजवीकडे काटकोनात निघतो, आणि तो थेट नडगीवर येतो.

खरा चेंडू ४५.९३ ग्रॅमपर्यंतचा, टणक. शाळेच्या मैदानावर तो फक्त पटिंग आणि छोट्या चिपला वापरायचा. दीड एकर म्हणजे साधारण साठ गुणिले शंभर मीटर. सातवीतल्या दांडग्या मुलाचा सात नंबरचा एखादा नीट बसलेला फटका कुंपणापार जाऊन कुणाच्या कौलावर पडेल आणि तुमचा उपक्रम त्याच दिवशी संपेल. इथे अर्ध्या किंवा पूर्ण झोक्याला भोकांचा प्लॅस्टिकचा किंवा फोमचा चेंडूच. चोवीस मुलांना दोनशे चेंडू ठेवा, रोज मोजून द्या आणि मोजून घ्या.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. मोकळ्या माळावर हातात लोखंडी दांडा. पहिला गडगडाट ऐकला की क्लब जागेवर टाकून सगळे वर्गात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. मधे ऊन पडलं तरी हे पाळा. झाडाखाली थांबवणं तर मुळीच नको.

झोका

क्रिकेट खेळणारं मूल चार गोष्टी चुकीच्या घेऊन येतं आणि एक बरोबर. बरोबर अशी की उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात वर, उजवा खाली असतो, गोल्फमध्येही तसाच. चुकीच्या : पुढचा पाय टाकतं, कोपर उंच करतं, खालच्या हाताने ढकलतं, आणि चेंडू वर जावा म्हणून बॅट वर उचलतं. चौथी चूक मोठी. चेंडू उचलायला गेलं की क्लब त्याच्या डोक्यावर घासून जातो आणि चेंडू सरपटतो. सात नंबरच्या क्लबचा चेहरा तीस-बत्तीस अंश मागे कललेला असतो. चेंडू तो चेहराच उचलतो, मुलाने फक्त खाली मारायचं. हे तोंडाने दहादा सांगून पटत नाही. मैदानावर फक्कीची रेघ ओढा, चेंडू न ठेवता झोका द्यायला लावा आणि क्लबने जमीन कुठे खरवडली ते पाहा. ओरखडा रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला हवा. मागे उमटला तर वजन मागच्या पायावर राहिलंय. मूल स्वतः ओरखडा बघतं आणि स्वतः दुरुस्त करतं.

पकड आठ-दहा वर्षांच्या मुलांना दहाही बोटांची द्या, दोन्ही मुठी चिकटून. करंगळी अडकवायची पकड हात मोठे झाल्यावर, अकरा-बारानंतर. झोक्याचे तीनच आकार शिकवा : गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत, कमरेपासून कमरेपर्यंत, खांद्यापासून खांद्यापर्यंत. मागे जितका तितकाच पुढे. पहिल्या वर्षात तिसरा आकार नाहीच.

आपल्या मुरमावर आणि जांभ्यावर लोखंडी क्लब आपटला तर मनगटाला झिणझिण्या येतात आणि क्लबची धार उडते. त्यासाठी गोठ्यात घालतात ती रबरी मॅट घ्या. एकीचे चार तुकडे होतात. वर काथ्याचं पायपुसणं खिळा न मारता तारेने बांधा. बारा वर्षांखालच्या मुलाने एका सत्रात साठ-सत्तरहून जास्त पूर्ण झोके घेऊ नयेत, पाठ आणि मनगट दोन्ही कच्ची असतात. आठवीच्या आसपास मूल अचानक उंच होतं तेव्हा जमलेला झोकाही तीन-चार महिने बिघडतो. त्या काळात त्याला पटिंगवर ठेवा आणि घाबरवू नका.

पटिंगची कसोटी सोपी आहे : एक मीटरवरून दहातले आठ गलीत, मग दोन मीटर. त्यानंतर नेम बाजूला ठेवून अंतर : तीन, सहा, नऊ मीटरवर फक्कीच्या रेघा, चेंडू रेघेच्या वीतभर अलीकडे-पलीकडे थांबला पाहिजे. बहुतेक मुलं क्लब फार मागे नेतात आणि चेंडूजवळ येता येता वेग मारतात. दोन विटांच्या मध्ये झोका द्यायला लावला की मागचा झोका आपोआप आखूड होतो.

वर्षाचं गणित

जूनचा दुसरा आठवडा ते सप्टेंबर मैदान विसरा. खानापूरकडचा पाऊस खेळू देत नाही. व्हरांड्यात सतरंजी दोन्ही टोकांना बाक ठेवून ताणा आणि पटिंग चालू ठेवा. शहाबादी फरशीवर थेट खेळवू नका, चेंडू थांबत नाही आणि मुलं घाबरत घाबरत टोचायला शिकतात. पाऊस ओसरल्यावर पंधरा दिवस खळ्याच्या दुरुस्तीला. मग सुगी. त्या तीन-चार आठवड्यांत निम्मी मुलं शेतावर असतात, हजेरी लावून राग धरण्यात अर्थ नाही. सराव सकाळी शाळेआधी चाळीस मिनिटांचा ठेवा, येतील तेवढी येतील.

भात निघाल्यावर दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी मोकळं शिवार मिळतं. पूर्ण झोक्याला एकशेवीस मीटर लांब, साठ मीटर रुंद पट्टा हवा, पलीकडे पायवाट किंवा गुरं नकोत, आणि मारण्याची दिशा उत्तरेकडे, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर येत नाही. मालकाला आधी विचारा, कारण भातानंतर ओलीवर मसूर, वाटाणा किंवा हरभरा पेरणारे बरेच आहेत. धसकटं पायात घुसतात, चपला-बूट सक्तीचे. गायरानावर जायचं असेल तर ग्रामपंचायतीला पत्र द्या आणि गुराख्यांशी वेळ ठरवून घ्या. पत्रापेक्षा दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे.

शाळेच्या मैदानावर डिसेंबरपर्यंत सहा गलींचा छोटा मार्ग आखता येतो, प्रत्येक गल पंधरा ते चाळीस मीटरची, मऊ चेंडूने, प्रत्येक गलीला पार तीन. दोन गली खळ्यावर, बाकीच्या ठिकाणी मीटरभर व्यासाचं फक्कीचं वर्तुळ, चेंडू त्यात थांबला की होल पूर्ण. झेंड्यांना बांबू आणि जुन्या साडीचं कापड. कापड पांढरं किंवा निळं घ्या. आपल्या भागात मराठी बाजूचं भगवं आणि कन्नड बाजूचं लाल-पिवळं दोन्ही टाळलं, तर गोल्फ गोल्फच राहतो.

फटके मोजणं ही इथली सगळ्यात अवघड शिकवण. आपल्या मुलांना 'पंच देतील तो निर्णय' अशी सवय. इथे पंच नसतो. मारायच्या हेतूने झोका दिला आणि चेंडूला लागला नाही, तरी तो फटका धरायचा. कार्ड अदलाबदल करायचं : रमेशचे फटके सलमा लिहिणार, सलमाचे रमेश, आणि होल संपल्यावर दोघांनी मोठ्याने आकडा बोलायचा. एका होलला आठच्या वर गेलं की चेंडू उचलायचा आणि आठ लिहायचे. चौदा फटके मारत बसलेलं मूल पुढच्या वेळी येत नाही. मुलं आकडा चोरतील. पकडून सगळ्यांसमोर उभं करू नका. त्याच जोडीला पुढच्या फेरीत तुमच्याबरोबर चालायला घ्या, तेवढं पुरतं.

घर, परवानगी, मुली

एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत ठराव करून घ्या आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाला प्रत द्या. ठरावात क्लब कोणाच्या ताब्यात, किल्ली कोणाकडे हे लिहिलेलं असू द्या. क्लब चोरीला जात नाहीत, पण साप मारायला आणि आंबे पाडायला जातात.

पालकांचा पहिला प्रश्न 'हा श्रीमंतांचा खेळ, आमच्या पोराला काय उपयोग?' असतो. त्यांना ऑलिंपिकच्या गोष्टी सांगू नका. शनिवारी बोलावून हातात पटर द्या. आजोबा गलीत चेंडू घालतात तेव्हा वाद संपतो. मुलींच्या बाबतीत खरी अडचण वेळेची आहे, कपड्यांची नाही. सलवार-कमीज आणि कॅनव्हासचे बूट पुरतात, ओढणी कमरेला बांधलेली हवी. सराव अंधाराआधी अर्धा तास संपला पाहिजे. बेळगावला न्यायचं तर राज्याच्या शक्ती योजनेमुळे साध्या सरकारी बसला मुलींना तिकीट पडत नाही, म्हणजे त्यांचा खर्च मुलग्यांपेक्षा कमी. ही गोष्ट पालकसभेत आकड्यासकट मांडा.

पुढची पायरी

दीड वर्षानंतर निवड करताना लांब मारणारा निवडू नका. मैदान मोकळं असताना एकटं येऊन खळ्यावर वाळू ओढणारं मूल निवडा. अशी चार-सहा मुलं झाली की जवळच्या गोल्फ संस्थेला किंवा छावणीतल्या मैदानाच्या व्यवस्थापनाला लेखी विचारा : आठवड्यातल्या एका दुपारी, सभासद नसतील तेव्हा, नऊ होल चालायची परवानगी. पहिली फेरी खेळायची नाही, फक्त चालायची. कुठे उभं राहायचं, ग्रीनवर कुणाच्या रेषेवर पाय द्यायचा नाही, बंकर (वाळूचा खड्डा) खेळून झाल्यावर दाताळ्याने सारखा कसा करायचा, हे पाहायला. वाळूच्या खळ्यावर शिकलेल्या मुलाला खरी हिरवळ सुरुवातीला विचित्र वाटते. वाळूत चेंडू लवकर थांबतो, कापलेल्या हिरवळीवर लांब जातो आणि जास्त वळतो. पहिल्या तीन भेटी पूर्ण पटिंगच्या ठेवा.

हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा अधिकृत आकडा) मिळवायला ५४ होलांची कार्डं लागतात, नऊ-नऊ होलांच्या सहा फेऱ्याही चालतात, पण रेटिंग झालेल्या (अवघडपणा अधिकृतपणे मोजलेल्या) मैदानावरच्या आणि अधिकृत गोल्फ संस्थेमार्फत नोंदवलेल्या. सर्वांत वरचा हँडिकॅप ५४ असतो, म्हणजे नवख्या मुलालाही आकडा मिळतो. त्या आकड्याशिवाय स्पर्धांच्या गोष्टी करू नका. वयोगटाच्या स्पर्धा इंडियन गोल्फ युनियन आणि राज्य संघटनेच्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच बेंगळुरूकडे, इथून पाचशे किलोमीटर. एका मुलाबरोबर एक मोठं माणूस, तीन-चार दिवस राहणं, सरावफेरीचं शुल्क वेगळं. वर्षात एकच स्पर्धा धरा आणि तिचे पैसे आदल्या दिवाळीपर्यंत जमवा.

मोठ्यांच्या मैदानावर मुलं जायला लागली की कुणीतरी 'कॅडी म्हणून ठेवा, चार पैसे मिळतील' असं सुचवेल. बेंगळुरूजवळचा चिक्करंगप्पा मैदानावर चेंडू वेचण्यापासून सुरू होऊन व्यावसायिक झाला, हे खरं आहे आणि मुलांना सांगण्यासारखंही आहे. पण चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला कायद्याने बंदी आहे, आणि बॅग वाहणाऱ्या मुलाला स्वतः मारायला वेळ मिळत नाही. परवानगीच्या पत्रातच लिहून घ्या की मुलं खेळायला येतील, कामाला नाही.

या आठवड्यात करायचं ते एवढंच : सहा इंची पाईपचे चार तुकडे, एक पोतं फक्की आणि तीन पटर कापून घेणं. खळ्याला मुरूम आत्ता टाकू नका, पाऊस पूर्ण थांबल्यावर टाका. पावसाने चिंब झालेल्या मुरमावर रोलर फिरवला की वरचा थर पापडासारखा सुटतो आणि सारवण धरत नाही.